वस्तीची गाडी पुन्हा मिळवताना

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आमच्या किनारी गावात रात्री वस्तीला येणारी आणि पहाटे तालुक्याला परतणारी एस.टी. पावसात घाटीचा रस्ता खचल्यामुळे बंद झाली होती. पुढे रस्ता दुरुस्त झाला. परंतु बंद पडलेली फेरी आपोआप सुरू होत नाही, ती रीतसर मागावी लागते. ते काम गावाने माझ्यावर सोपवले.

१ मेच्या ग्रामसभेत ठराव झाला. त्याची प्रत जोडून आगार व्यवस्थापकांकडे अर्ज केला आणि कणकवलीच्या विभाग नियंत्रक कार्यालयातही एक प्रत देऊन पोहोच घेतली. आगारात पहिलाच प्रश्न भारमानाचा, म्हणजे गाडी किती भरते याचा, निघाला आणि तो मला रास्त वाटला. डिझेल, चालक आणि वाहक रोज लागणार असतील, तर गाडीत माणसे किती बसणार हे त्यांना कळायलाच हवे. ‘ग्रामस्थांची गैरसोय होते’ एवढ्या वाक्यावर कोणतीही फेरी सुरू होत नाही.

म्हणून थांब्यालगतच्या दुकानात वही ठेवली आणि कोण, कोणत्या वारी, कुठे जाणार याची नोंद सुरू केली. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात पाट्या घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायका जवळजवळ नसतात, तर कॉलेजची मुले जूनच्या मध्यापासून वाढतात. त्यामुळे दोन्ही हंगामांची नोंद वेगवेगळी मांडली. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, तेव्हा असे प्रवासी दाखवून उपयोग काय, अशी शंका काहींनी काढली. सवलतीची रक्कम शासन महामंडळाला भरून देते, हे समजावून त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना आखला.

त्यानंतर रस्त्याची पाहणी झाली. रिकामी गाडी घेऊन आलेल्या चालकाने देवळासमोर ती वळवून पाहिली, खाली उतरून मागच्या चाकाजवळची माती पायाने दाबली आणि पावसात चाक इथेच रुतेल, असे सांगितले. आम्ही तेथे खडी टाकून रोलर फिरवला. शेजारच्या घरमालकांनी आपल्या चिऱ्याच्या गडग्याचा, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीचा, कोपरा स्वखुशीने मागे घेतला, आणि काचेला घासणाऱ्या फणसाच्या फांद्या तोडल्या.

माझ्या मते खरा निर्णय चालक-वाहकांच्या खोलीने घडवला. अर्जांमध्ये तिचा उल्लेख क्वचितच असतो. परंतु वळणावळणाच्या रस्त्याने पहाटे गाडी हाकायची असेल, तर त्या माणसाला रात्री झोप मिळालीच पाहिजे. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीला आम्ही पंखा, मच्छरदाण्या, पाण्याची टाकी आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह दिले. पाहणीला आलेल्या वाहकाने सर्वांत आधी नळ सोडून पाहिला.

वेळेवरून मात्र गावातच ताणाताणी झाली. मासळीवाल्यांना गाडी लवकर हवी होती, तर कॉलेजच्या मुलांना उशिरा. अखेर बाजार गाठता येईल अशी वेळ ठरली, कारण मासळी थांबू शकत नाही. मुलांनी कॉलेजचे वाचनालय लवकर उघडून घेतले. गाडी आता नियमित येते. भारमानाचा आढावा पुढेही होणार असल्याने वही चालू ठेवली आहे, आणि तिच्याच आधारे दुपारच्या फेरीचा अर्ज आगारात दिला आहे.