प्रागला रेल्वेनं जाताय? आधी पैशांचं वाचा

प्रागमध्ये रोख पैसे बदलू नका. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांसाठी मिळून एकच) जर्मनीसाठीचा तोच असला तरी चेक प्रजासत्ताकात युरो नाही, कोरुना चालतो. बर्लिनहून येणाऱ्याच्या खिशात युरो असतात आणि जुन्या शहरात पावलोपावली पैसे बदलून देणाऱ्या खिडक्या. प्रत्येकीवर '० टक्के कमिशन'ची पाटी. कमिशन खरंच घेत नाहीत, दरातच कापतात. एका युरोला साधारण २४-२५ कोरुना मिळायला हवेत. मोठ्या चौकाजवळच्या एका खिडकीत आम्हाला १०० युरोचे १,९०० सुद्धा मिळाले नाहीत. पाटीवर ठळक छापलेला दर फार मोठ्या रकमेसाठी होता, आणि ते तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं. ही सरळ लूट आहे.

पण कायदा तुमच्या बाजूनं आहे, आणि हे आम्हाला निघण्याआधी कोणीच सांगितलं नव्हतं. एप्रिल २०१९ पासून १,००० युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. कारण द्यावं लागत नाही. पावती आणि मिळालेले कोरुना घेऊन त्याच खिडकीवर जायचं. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीनं हे सांगितल्यावर आम्ही तसेच उलट पावली गेलो. आतला माणूस आधी नाही म्हणाला, मग कॉम्प्युटर बंद आहे म्हणाला. या खिडक्यांवर देखरेख चेक नॅशनल बँकेची असते. तिच्याकडे तक्रार करतो म्हटल्यावर त्यानं १०० युरो मोजून परत दिले. तेव्हा जो आनंद झाला, तो अख्ख्या सहलीत दुसऱ्या कशानं झाला नाही. पावती मात्र जपा, ती नसेल तर काही होणार नाही.

रस्त्यात कोणी नोटा दाखवत 'चेंज?' विचारलं तर थांबूही नका. हातात दुसऱ्याच देशाच्या, चलनातून बाद झालेल्या नोटा पडतात. एटीएम 'रुपयांत कापू की कोरुनात?' असं विचारतं. दर वेळी कोरुना निवडा, दुकानातल्या मशीनवरही. खरं तर रोख फारशी लागतच नाही. ट्राममध्येसुद्धा आत कार्ड टेकवून तिकीट निघतं. कागदी तिकीट घेतलंत तर पिवळ्या यंत्रात शिक्का मारायलाच हवा, नाहीतर तिकीट असूनही दंड.

आता गाडीचं. बर्लिनहून चार-साडेचार तास. डावीकडची खिडकी घ्या, कारण ड्रेस्डेननंतर एल्बे नदी त्याच बाजूला असते आणि वाळूच्या खडकाचे कडे थेट पाण्यावर उभे दिसतात. शनिवार-रविवारी जागा आरक्षित केल्याशिवाय चढू नका, उभं राहावं लागेल. प्रागमधलं आधीचं स्टेशन होलेशोवित्से आलं की लोक बॅगा काढून उतरायला लागतात. तिथं हॉटेल नसेल तर बसून राहा, मुख्य स्टेशन पुढचं आहे. त्या स्टेशनच्या खालच्या दालनात बघण्यासारखं काही नाही, पण वर जाऊन योसेफ फांतानं बांधलेला, १९०९ मध्ये पूर्ण झालेला जुना घुमट बघा. पासपोर्ट हाताशी ठेवा, परतीच्या गाडीत जर्मन पोलीस तपासतात.

सगळ्यात वाईट टप्पा म्हणजे जुन्या शहरातून चार्ल्स पूल ओलांडून नेरुदोवा रस्त्यानं किल्ल्यापर्यंतची चढण. सगळे हाच मार्ग सुचवतात. चुकीचा आहे. पायाखाली सगळीकडे दगडी फरशी, पुलावर खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी आणि नंतर उभा चढ. चालायची सवय असूनही आमच्या पोटऱ्या भरून आल्या, आणि वर पोचल्यावर सुरक्षा तपासणीची रांग होती. बॅग ओढत तर हा विचारही करू नका, चाकं तुटतील. २२ नंबरच्या ट्रामनं 'प्राझ्स्की ह्राद' (म्हणजे प्रागचा किल्ला) थांब्यावर उतरा, मागच्या बाजूनं आत जा आणि नेरुदोवा उतरण्यासाठी ठेवा. पूल पहाटे बघा. राजा चौथ्या चार्ल्सनं १३५७ मध्ये पायाभरणी केलेला हा ५१६ मीटरचा पूल सातच्या आधी तुमचा एकट्याचा असतो.

जुन्या शहराच्या चौकातलं खगोलीय घड्याळ १४१० चं आहे, यंत्र म्हणून थक्क करणारं. पण दर तासाला येशूच्या प्रेषितांच्या मूर्ती फिरतात तो खेळ मिनिटभरात संपतो आणि त्या गर्दीत पाकीटमार असतात. तासाच्या ठोक्याला जाऊ नका, मधल्या वेळी निवांत बघा.

विशेह्रादचा जुना गड, ज्यू वस्ती, नदीवरची बोट हे सगळं छान झालं, त्यात सांगण्यासारखी अडचण नाही.

किल्ल्याची पटांगणं फुकट बघता येतात. आतलं, १३४४ मध्ये सुरू होऊन १९२९ मध्ये पूर्ण झालेलं सेंट व्हिटस कॅथेड्रल रविवारी दुपारी १२ पर्यंत पर्यटकांना बंद असतं, म्हणून किल्ला रविवारी सकाळी ठेवू नका.