१ लाख ८५ हजारांत आपण कुठे?

ऑस्ट्रेलियाने २०२५-२६ या वर्षात किती जणांना पीआर, म्हणजे कायम राहण्याचा व्हिसा द्यायचा, तो आकडा २ सप्टेंबर २०२५ला जाहीर केला. मी तेव्हा चवथीसाठी मेलबर्नहून गोव्यात डिचोलीला आलो होतो आणि आमचा सात दिवसांचा गणपती त्याच दिवशी जायचा होता. आकडा १ लाख ८५ हजार, आदल्या वर्षीइतकाच. व्हॉट्सॲपमुळे घरच्यांना तो माझ्याआधी कळला. माझ्या मामेभावाचा मुलगा वेर्ण्याला औषध कंपनीत आहे. गणपतीवर टांगलेल्या माटोळीचे नारळ नि सुपारीचे घोस सोडवताना तो म्हणाला, "काका, एवढ्या जागा! एजंट म्हणतो, आताच अर्ज टाक."

एजंट दुसरं काय म्हणणार?

आपल्या गोंयकारांची एक सवय आहे. पोर्तुगीज पासपोर्टमुळे आपल्याला वाटतं, आजोबांचा जन्मदाखला सापडला की काम झालं. तिथे हक्काचा प्रश्न असतो, दरवर्षी किती जणांना द्यायचं याचा कोटा नसतो. ऑस्ट्रेलियात आधी आकडा ठरतो, मग माणसं.

तो ठरतो कसा? वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि आकडा बहुधा मे महिन्यातल्या बजेटबरोबर येतो. २०२५मध्ये मेमध्ये निवडणूक होती, बजेट मार्चमध्येच उरकलं, आणि आकडा आला तेव्हा वर्ष सुरू होऊन दोन महिने झाले होते. आकडा ठरण्याआधी गृह खातं राज्यांना, उद्योगांना, कामगार संघटनांना विचारतं. लोकसंख्येचे अंदाज मांडले जातात, घरांच्या टंचाईचा विषय निघतो. शेवटी निर्णय मंत्रिमंडळाचा, म्हणजे राजकारण आलंच. १ लाख ९० हजारांची मर्यादा २०१९-२०पासून १ लाख ६० हजारांवर आणली होती. कोविडनंतर माणसं मिळेनात, तेव्हा २०२२-२३साठी ती १ लाख ९५ हजार केली. मग घरभाडी भडकली आणि आकडा पुन्हा उतरू लागला.

आता या १ लाख ८५ हजारांची वाटणी बघा. कौशल्याच्या नावाने १ लाख ३२ हजार २००, कुटुंबासाठी ५२ हजार ५००, उरलेले ३०० विशेष प्रकरणांना. (निर्वासितांचा हिशेब वेगळा.) कौशल्यातल्या ४४ हजार जागा तिथल्या मालकाने नोकरी देऊन बोलावलेल्यांच्या. राज्यांनी शिफारस केलेल्यांना ३३ हजार, मोठ्या शहरांबाहेर राहायला तयार असणाऱ्यांना आणखी ३३ हजार. कोणाच्याही आधाराशिवाय निव्वळ वय, शिक्षण, इंग्रजी यांच्या गुणांवर जाणाऱ्यांना, म्हणजे आमच्या पोराच्या डोक्यात जे आहे त्याला, फक्त १६ हजार ९००. तेही जगभरातून. शिवाय बायको-मुलंही यात मोजतात. चौघांचं कुटुंब गेलं की चार जागा संपल्या. आणि एकूण जागांपैकी निम्म्याहून जास्त आधीच तिथे राहणाऱ्यांना मिळतात. शिकायला किंवा तात्पुरत्या व्हिसावर गेलेली मंडळी ती.

मला खटकतो तो आईवडिलांचा खाना. जोडीदारांसाठी ४० हजार ५०० जागा धरल्यात, आणि मागणी वाढली तर तिथे कायद्याने मर्यादा घालता येत नाही. आईवडिलांना मात्र ८ हजार ५००. स्वस्तातल्या व्हिसाची रांग तीसेक वर्षांची आहे. लवकरचा म्हणतात त्याला माणशी ४० हजार डॉलरांहून जास्त मोजूनही दहाहून जास्त वर्षं थांबावं लागतं. सत्तरीच्या माणसाला तीस वर्षांची रांग! सरळ नाही म्हटलं असतं तर निदान अर्जाचे पैसे वाचले असते. आई हे ऐकून म्हणाली, "मला नकोच तुझं मेलबर्न, इथली देवळं कोण बघणार?" बाबा काही बोलले नाहीत. ते जायला तयार असावेत असा माझा संशय आहे.

पोराला मी नको जाऊ म्हटलं नाही. त्याचा अनुभव चांगला आहे, इंग्रजीही बरी आहे. एवढंच सांगितलं की एजंटला पैसे देण्याआधी विचार, माझा अर्ज कुठल्या खान्यात पडणार? राज्याचा म्हणाला तर कुठलं राज्य, आणि त्या राज्याला हव्या असलेल्या कामांच्या यादीत आज माझं काम आहे का?