सगळी निळीच वाकळ

घरात निळं कापड किती आहे, हे कपाट उपसल्याशिवाय कळत नाही. मला निळा आवडतो हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे भेट येते ती निळी. नवरात्रात निळ्या रंगाचा दिवस आला की ऑफिसातल्या ग्रुप फोटोपायी घेतलेल्या साड्या वेगळ्याच. नवऱ्याचे विटलेले शर्ट, लेकीच्या शाळेचा आकाशी शर्ट आणि गर्द निळा स्कर्ट, कुर्ते शिवून उरलेली कापडं. यातून एका माणसाच्या अंगाला पुरेल अशी, पाच बाय सात फुटांची वाकळ करायची, वरची बाजू सगळी निळी आणि शिवण सगळी हाताची, असं ठरवलं.

आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे अजिबात पटलं नाही. त्या सातारा जिल्ह्यातल्या. उभ्या आयुष्यात किती वाकळा शिवल्या याचा त्यांनाही हिशोब नाही. "आगं, समदी निळीच? मग दिसायची कशी ती? वाकळंत तांबडं नको व्हय?" त्यांच्या लेखी वाकळ घरातल्या सगळ्यांच्या जुनेरांची असते. रंग निवडायचा नसतो, असेल ते घ्यायचं असतं. मी म्हटलं, "आत्या, असेल तेच घेतेय. फक्त निळं असेल ते." त्यावर त्या हसल्या आणि सुपारी कातरायला लागल्या. म्हणजे परवानगी मिळाली.

पहिलं काम कापड पारखायचं. नवरात्रातल्या साड्या जवळजवळ सगळ्या बाद झाल्या. शंका असेल तिथे कडेचा एक धागा काढून जाळून पाहायचा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरडली की राख होते. पॉलिस्टर वितळून त्याची काळी टणक गोळी होते. टेरिकॉटमध्ये दोन्ही मिसळलेलं असतं, तिथे राखेत कण लागतात. पॉलिस्टर टिकतं, हे खरं, पण घाम शोषत नाही, सुईखालून घसरतं आणि मऊ सुती थरांबरोबर कधी एकजीव होत नाही. ओटीत आलेले ब्लाउजपीसही याच परीक्षेत गेले. तसे ते शिवण्यासाठी नसतातच, पुढच्या ओटीत जाण्यासाठी असतात. शाळेचा शर्ट टेरिकॉटचा निघाला. तरी त्याचा एक तुकडा घेतला, कारण लेक नजर ठेवून बसली होती. जीन्स मात्र नाही. डेनिम चांगलं असतं, पण त्याखाली चार थर असताना हाताने सुई काढायची म्हणजे मनगटाची वाट लागते.

छापील कापडांत अजरख आणि दाबूची कातरणं होती. दाबू म्हणजे मातीचा लेप देऊन रंग अडवायची राजस्थानी छपाई, आणि अजरख कच्छची. २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याच्या छपाई करणाऱ्या खत्री कुटुंबांपैकी काहींनी भुजजवळ अजरखपूर नावाचं नवं गाव वसवलं, माझी कातरणं तिकडची. दोन्हींत निळीचा, म्हणजे इंडिगोचा रंग, आणि निळीबद्दल एक गोष्ट आधी समजून घेतलेली बरी.

नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगारी हौद आंबवून किंवा रसायनं घालून तिचं रूप बदलतात, तेव्हा ती विरघळते आणि पाणी पिवळट हिरवं दिसतं. कापड बुडवून वर काढलं की हवा लागून डोळ्यांदेखत निळं होत जातं. हा रंग धाग्याच्या पोटात फारसा शिरत नाही, वरवर थरासारखा बसतो. जीन्स गुडघ्यावर पांढरी पडते ती त्यामुळेच. बीएएसएफ या जर्मन कंपनीने १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आणली, आज बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. पण झाडाची असो की कारखान्याची, दोन्हींतला निळा रेणू एकच, म्हणून घासल्यावर निघायची खोडही एकच.

मिठाच्या पाण्यात भिजव, व्हिनेगर घाल, असे सल्ले शेजारपाजारहून मिळालेच. निळीला त्याचा उपयोग नाही. वरचा सुटा रंग निघून जाऊ द्यायचा, एवढंच काम असतं. प्रत्येक कापड वेगळं, गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं. मग ओला पांढरा रुमाल त्यावर घासून पाहिला. रुमाल निळा झाला की ते कापड परत बादलीत. हे केलं नाही तर पहिल्या धुण्यात गर्द निळा सुटतो आणि शेजारच्या फिक्या तुकड्यांवर जाऊन बसतो.

आता मांडणी. सगळी निळी कापडं शेजारी शेजारी पसरली तेव्हा एकेकटं सुंदर दिसणारं कापड त्या गर्दीत दिसेनासं झालं. रंग एकच असला की डोळा रंग पाहायचं सोडतो आणि गडद काय, फिकं काय एवढंच पाहतो. म्हणून खुर्चीवर उभी राहून फोनवर फोटो काढला आणि तो कृष्णधवल केला. चटकन कळलं की माझ्याकडचे निम्मे निळे त्या फोटोत एकाच राखाडी रंगाचे आहेत. मोरपंखी आणि मधला निळा यांत मला जमीन-अस्मानाचा फरक वाटत होता, फोटोत दोघे जुळे. एकीकडे गर्द, दुसरीकडे अगदी फिकं आणि मधले थोडे, असं हवं होतं. फिकं कमी पडत होतं. मग शर्टांची उलटी बाजू वर घेतली. छापील कापडाचीही उलटी बाजू बहुतेकदा एक-दोन पायऱ्या फिकी असते. पैसा न घालवता नवे निळे मिळाले.

आत्या हे सगळं पलंगावरून पाहत होत्या. काही न बोलता त्यांनी ट्रंकेतून जुनं इरकल लुगडं काढलं. अंग झिजून विरलेलं, पण तांबडे काठ शाबूत. "ह्यो काठ चौबाजूनं घाल." म्हणजे तांबडं आलंच! आणि त्यांचं बरोबर होतं, हे मांडून पाहिल्यावर मान्य करावं लागलं. दोन बोटांचा तांबडा गोट चारी बाजूंनी आल्यावर आतले निळे जास्त निळे दिसायला लागले. उरलेल्या काठाचे सुपारीएवढे तीन-चार तुकडे मीच आत टाकले, एकमेकांपासून लांब.

थरांचा हिशोब सोपा आहे. पाचवारी साडी साधारण अठरा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद. पाच बाय सातचा एक थर तिच्यातून निघतो, तोही जोड देऊन; दुसऱ्याला थोडं कमी पडतं. खाली अस्तराला एक साडी, मध्ये भराव म्हणून दोन साड्यांचे थर, पुण्याच्या थंडीला इतकं पुरतं. भरावाला अगदी विरलेली सुती साडीच घ्यायची, नव्या कापडाला तो मऊपणा येत नाही. भरावाचा रंग कुठला का असेना, पण फिक्या निळ्याखाली गडद ठिपक्यांची साडी आली तर ती वरून दिसते. म्हणून सगळ्यात वरचा थर पांढऱ्या धोतराचा घेतला.

फरशीवर थर अंथरायचे, मधून कडेकडे हाताने हवा काढायची, कोपऱ्यांवर वजनं ठेवायची आणि वीतवीत अंतरावर मोठे कच्चे टाके घालून सगळं धरून ठेवायचं. हे काम दोघींचं. एकटीने केलं तर एक बाजू सरळ होईपर्यंत दुसरी गोळा होते.

वाकळीत वरचे तुकडे आधी एकमेकांना मशीनवर जोडत नाहीत. ते थरांवर नुसते मांडतात आणि धावदोराच त्यांना जोडत जातो. सुरुवात काठापासून. कडेने एक पूर्ण फेरी, मग बोटभर आत दुसरी, अशा चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत. कडा आधी बंद झाल्यामुळे थर बाहेर सरकत नाहीत, आणि शिवताना आपण वाकळीवरच बसतो, त्या वजनानं कापड ताणलेलं राहतं. टाक्यांची ओळ तुकड्याच्या कडेला आली की सुई थांबवायची, कड पाव इंच आत दुमडायची, अंगठ्याच्या नखाने दाबून घडी पाडायची आणि त्या घडीवरून टाका पुढे न्यायचा. एका वेळी तीन-चार टाके सुईवर घ्यायचे, मग अंगुस्तानाने, म्हणजे बोटात घालायच्या टोपीने, मागून रेटायचं. दोरा हातभरच. लांब घेतला की गाठी होतात आणि ओढून ओढून कमजोर होतो. मेणावरून ओढून घेतला तर आणखी बरा चालतो. दोरा मी पांढरा वापरला. निळ्यावर पांढरा टाका लपत नाही, वाकडा गेला तर वाकडाच दिसतो. पण गर्द तुकड्यांत जान येते ती त्याच टाक्यांनी.

मधला भाग सर्वांत कंटाळवाणा. फेऱ्या लहान होत जातात आणि कोपरा सारखा सारखा येतो. कडेकडून आत येताना कापड थोडं थोडं पुढे ढकललं जातं, ते सगळं मध्यात जमतं. आत्यांनी दर काही फेऱ्यांनी तळहात फिरवून फुगवटा आतल्या बाजूला सारायला लावला. शेवटी वितीएवढ्या चौकोनात जो काही उरला तो एका तुकड्याखाली छोटी चूण घालून जिरवला.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका अशीच बाहेरून आत शिवत कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, करतात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात. त्याला फुलं म्हणतात. मला ती फार आवडली होती, म्हणून अजरखच्या उरलेल्या कातरणांची मीही लावली. आत्या म्हणाल्या, "हे काय, पाय पुसायला?" पण उसवायला सांगितलं नाही.

वाकळ आता रोज वापरात आहे. धुवायची ती एकटीच, गार पाण्यात, आणि पिळायची नाही, दोघांनी धरून गच्चीच्या कठड्यावर टाकायची. उन्हात उलटी वाळवते, निळा विटायला ऊन पुरेसं असतं. लेकीला आता पिवळी हवी आहे. कपाट उपसून पाहिलं, तर पिवळ्या रंगाचं घरात भरपूर निघालं, हळदीच्या कार्यक्रमांसाठी घेतलेलं. धागा जाळून पाहिला. सगळ्याची गोळीच झाली.