मे महिन्याच्या आत पोचलेले हजार डॉलर

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराच्या पूर्व भागात, ॲलम रॉक आणि मेफेअर या वस्त्यांमध्ये, आमचा एक छोटा गट काम करतो. अकरावीच्या मध्यापासून मुलींना मेंटॉर द्यायची आणि बारावीनंतर कॉलेजसाठी शिष्यवृत्ती द्यायची, एवढंच काम. मुली बहुतेक मेक्सिकन आणि मध्य अमेरिकी घरांतल्या, घरातून कॉलेजला जाणाऱ्या पहिल्या. गटातल्या निम्म्या बायका याच वस्तीत वाढलेल्या लॅटिना आहेत. आम्ही तिघी मराठी, सनीव्हेल आणि फ्रीमॉंटहून येणाऱ्या. आम्हाला वाटलं होतं की पैसे जमवणं अवघड जाईल. खरं अवघड निघालं ते पैसे योग्य महिन्यात, योग्य नावाने आणि योग्य खात्यात पोचवणं. इथे लिहिते आहे ते त्या सगळ्या प्रक्रियेबद्दल, कारण आपल्या मंडळांतूनही असं काम सुरू करायचं बऱ्याच जणांच्या मनात असतं.

पहिला प्रश्न असतो तो संस्थेचा. देणगीदाराला करसवलत हवी तर संस्थेला ५०१ (सी) (३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा, दर्जा लागतो. वर्षाची जमा ५०,००० डॉलरच्या आत राहणार असेल तर १०२३-ईझी हा छोटा अर्ज चालतो, त्याचं शुल्क २७५ डॉलर. पूर्ण अर्जाचं ६००. अर्ज मंजूर होणं सोपं आहे, टिकवणं नाही. दरवर्षी आयकर खात्याला ९९०-एन ही छोटीशी सूचना पाठवावी लागते, आणि सलग तीन वर्षं विसरली की दर्जा आपोआप जातो. छोट्या मंडळांचं नेमकं इथे बिनसतं, कारण खजिनदार बदलतो आणि कागद जुन्या खजिनदाराच्या घरी राहतात. आम्ही स्वतःची संस्था काढलीच नाही. एका मोठ्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली खातं उघडलं. ती जमा रकमेतून ७ टक्के घेते, हिशेब आणि पावत्या सांभाळते. माझ्या मते वर्षाला ३०,००० डॉलरच्या आतल्या निधीसाठी हाच मार्ग बरा.

देणगीदारांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगायचं: पैसे निधीला द्या, अमुक मुलीला द्या असं लिहू नका. ठरावीक व्यक्तीच्या नावाने दिलेली रक्कम ही दान नसून भेट ठरते आणि करसवलत जाते.

निधीचा कणा म्हणजे महिन्याला २० डॉलर देणारी माणसं. अशी ४० माणसं झाली की वर्षाचे ९,६०० डॉलर होतात, आणि त्यासाठी हॉल घ्यावा लागत नाही. आमचा एकमेव जेवणाचा कार्यक्रम दोन वर्षं केला आणि बंद केला. १०० डॉलरच्या तिकिटात ४० डॉलरचं जेवण असेल तर करसवलत फक्त ६० वर मिळते, आणि ७५ डॉलरवरच्या अशा तिकिटासोबत ते लेखी कळवणं बंधनकारक आहे. श्रम फार आणि उरतं थोडं. त्यापेक्षा आयटी कंपन्यांचं जुळणी अनुदान भरवशाचं. कर्मचारी जितकं देतो तितकंच कंपनी घालते, काही कंपन्या स्वयंसेवेच्या तासांचेही पैसे देतात. बे एरियातल्या मराठी घरांतून आम्हाला सर्वांत मोठी मदत झाली ती अशी. अडचण एकच: कंपनीच्या पोर्टलवर नाव छत्रसंस्थेचं दिसतं, आमचं नाही. शेऱ्याच्या रकान्यात निधीचं नाव लिहिलं नाही तर पैसे त्यांच्या सामान्य खात्यात जातात आणि महिनाभर शोधावे लागतात. म्हणून देणगीदाराला नेमका शेरा आधीच लिहून पाठवतो, म्हणजे त्याला फक्त चिकटवायचं उरतं.

डिसेंबरात तमालेसची विक्री होते. मक्याचं मळलेलं पीठ कणसाच्या सालीवर पसरायचं, आत मिरचीच्या रश्शातलं डुकराचं मटण, गुंडाळून दीड तास वाफवायचं. कोकणातल्या हळदीच्या पानावरच्या पातोळ्या आठवाव्यात. एकाला साधारण २ औंस पीठ, म्हणजे १० पाउंडात साडेसहा डझन. ५० डझनांना ७५ ते ८० पाउंड पीठ लागतं. ३० डॉलर डझनने १,५०० डॉलर जमतात, खर्च वजा जाता हजाराच्या आसपास उरतात. पण हे परवान्याशिवाय घरच्या स्वयंपाकघरात करून विकता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या घरगुती खाद्य परवान्यात फक्त फ्रिजबाहेर टिकणारे पदार्थ बसतात, मटण भरलेले नाहीत. त्यासाठी परवानाधारक स्वयंपाकघर लागतं, आणि जत्रेत विकायचं असेल तर काउंटीच्या आरोग्य खात्याचा तात्पुरता परवाना आधी घ्यावा लागतो. दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनीही हे एकदा तपासावं.

शिष्यवृत्ती ‘फक्त लॅटिना मुलींसाठी’ असं आता आम्ही लिहीत नाही. अटलांटातल्या फिअरलेस फंड या गुंतवणूक संस्थेचं अनुदान कृष्णवर्णीय उद्योजक महिलांपुरतं राखलेलं होतं. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ते थांबवलं. त्यानंतर वकिलाचा सल्ला घेऊन आम्ही पात्रतेची भाषा बदलली. वंश विचारत नाही. घरातून कॉलेजला जाणारी पहिली आहे का, घरच्यांसाठी दुभाष्याचं काम करते का, वस्तीतल्या मुलींच्या शिक्षणासाठी काय केलं, हे विचारतो. अर्ज कुणीही करू शकतं. आम्ही ज्या शाळांत, चर्चमध्ये आणि लाँड्रीत पत्रकं लावतो, तिथूनच अर्ज येतात, त्यामुळे ज्यांच्यासाठी हे सुरू केलं त्या मुलींपर्यंत ते आजही पोचतं.

मेंटॉर होण्यासाठी आधी बोटांचे ठसे. २०२२ पासून कॅलिफोर्नियात मुलांसोबत महिन्याला १६ किंवा वर्षाला ३२ तासांहून जास्त काम करणाऱ्या प्रौढ स्वयंसेवकाला ‘लाइव्ह स्कॅन’ तपासणी करावी लागते. भेट महिन्यातून दोनदा, दीड तास, वाचनालयात किंवा शाळेत, बंद खोलीत कधीच नाही. दीड वर्षाचा शब्द देता येत नसेल तर जोडी लावत नाही. तीन महिन्यांत मेंटॉर निघून गेली तर मुलीचं आधीपेक्षा नुकसानच होतं, आणि हे अभ्यासांतही दिसलं आहे.

पालकांची सभा रविवारी, प्रार्थनेनंतर, स्पॅनिशमधून. मुलीला दुभाषी बनवायचं नाही. ती रोज बँकेत, दवाखान्यात, घरमालकापुढे तेच करते. स्वतःच्या भविष्याच्या बोलण्यात तरी तिला मुलगी म्हणून बसू द्यावं. स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘उस्तेद’ हा फरक आपल्या तू-तुम्हीसारखाच आहे, आणि आईला ‘सेन्योरा’ आणि ‘उस्तेद’ म्हटल्यानेच बोलणं सुरू होतं. आजीही येते, तिला खुर्ची पुढे द्यायची. मुलीने दुसऱ्या गावी राहायचं का, हा प्रश्न हमखास येतो, आणि मराठी माणसाला तो ओळखीचा आहे. त्यावर वाद घालायचा नाही. घरच्यांना आठवड्याच्या एखाद्या दिवशी कॅम्पस दाखवायचं, वसतिगृहाचा दरवाजा रात्री कसा बंद होतो ते दाखवायचं, परतीच्या बसची वेळ कागदावर द्यायची. घरीच राहून सॅन होजे स्टेटला जायचं ठरलं तर तोही चांगलाच निर्णय आहे.

सर्वांत जास्त वेळ जातो नावांवर. समजा मुलगी मारिया गार्सिया लोपेस: गार्सिया वडिलांचं आडनाव, लोपेस आईचं. शाळेच्या नोंदीत ती फक्त गार्सिया, सोशल सिक्युरिटी कार्डावर दोन्ही, कॉलेजच्या अर्जात मधे जोडरेघ. शाळा राज्याकडे गुण पाठवते ते एका नावाने, मदतीचा अर्ज दुसऱ्या नावाने, आणि संगणकात दोघी वेगळ्या राहतात. कॅल ग्रांट या राज्याच्या अनुदानासाठी अर्ज आणि गुण दोन्ही २ मार्चपर्यंत जुळावे लागतात. वडिलांचं नाव मधे घालण्यावरून पासपोर्टला खेटे घातलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. आम्ही सप्टेंबरातच एक कागद भरून घेतो: कार्डावर जसं आहे तसं, अक्षर न् अक्षर. पुढचा प्रत्येक अर्ज त्या कागदावरून. आणि ईमेल स्वतःचा, शाळेचा नाही, कारण शाळेचं खातं बारावी संपल्यावर बंद होऊ शकतं आणि ऑगस्टमधली महत्त्वाची पत्रं त्यात अडकतात.

‘फाफ्सा’ हा केंद्राचा मदतीचा अर्ज १ ऑक्टोबरच्या सुमारास खुला होतो. त्यातून पेल ग्रांट हे केंद्राचं अनुदान मिळतं, २०२५-२६ साली जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. अर्जात आई किंवा वडिलांना स्वतंत्र खातं उघडून संमती द्यावी लागते. त्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तरी खातं उघडता येतं, पण २०२५-२६ च्या अर्जापर्यंत मुलीने आमंत्रणात भरलेलं नाव आणि पत्ता त्यांच्या खात्यातल्याशी तंतोतंत जुळावा लागत असे. ‘अपार्टमेंट’ एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे संक्षेपाने लिहिलं तरी आम्ही तो अर्ज अडकलेला धरून पुन्हा तपासत असू. मुलीकडेच अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसतील तर फाफ्सा नाही, राज्याचा कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्टचा अर्ज. शिवाय राज्यातल्या शाळेतली किमान तीन वर्षं दाखवून रहिवासी दराने फी लागण्यासाठी एबी ५४० या राज्याच्या कायद्याखालचं प्रतिज्ञापत्र. मुलगी नागरिक आणि पालक कागदपत्रांविना असतील तर २०२४-२५ पासून तिलाही राज्याचा अर्ज भरता येतो. मग पालकांची माहिती केंद्राकडे जात नाही, पण पेलही मिळत नाही. हा निर्णय घरच्यांचा. मेंटॉरने सल्ला द्यायचा नाही, कुणाचा दर्जा विचारायचा नाही, वहीत नोंदवायचा तर मुळीच नाही. मोफत कायदेशीर सल्ला केंद्राचा पत्ता द्यायचा, एवढंच. चुकीचा सल्ला इथे एका घराला फार महागात पडू शकतो.

आमच्या शिष्यवृत्तीचा अर्ज १५ जानेवारी ते १ मार्च. निबंधात ‘तुमच्यावरचं संकट सांगा’ असं आम्ही विचारत असू. ते बंद केलं. मुली आपलं सर्वांत दुःखद ते शोधून लिहीत, आणि आम्ही दुःखाला गुण देत बसायचो. आता विचारतो: मागच्या आठवड्यातले तुमचे तास कुठे गेले? भावंडांना सांभाळण्याचे १८ तास, टाकेरियातल्या, म्हणजे टाकोच्या दुकानातल्या, कामाचे १५ तास, आजीच्या डायलिसिसला नेण्याचे ६, हे सरळ दिसतं आणि कार्यक्रमांची यादी रिकामी का आहे तेही कळतं. नाव-शाळा झाकून तिघी वाचतात, १०० पैकी गुण. दोघींत १५ पेक्षा जास्त फरक असेल तर एकत्र पुन्हा वाचायचं. नातलग किंवा स्वतः मार्गदर्शन केलेली मुलगी असेल तर बाजूला व्हायचं.

निकाल २० एप्रिलच्या आत. बहुतेक स्थानिक शिष्यवृत्त्या मेअखेरच्या सत्कार समारंभात जाहीर होतात, तिथे फोटो छान येतो. पण बहुतेक चार वर्षांच्या कॉलेजांना प्रवेशाचा होकार १ मे पर्यंत द्यायचा असतो. समारंभातला चेक त्या निर्णयाला उपयोगी पडत नाही. एप्रिलमध्ये हातात पत्र असलेले हजार डॉलर मला जूनमधल्या दोन हजारांपेक्षा मोलाचे वाटतात.

आणि पत्रात काय लिहिलंय त्याला महत्त्व आहे. बाहेरची शिष्यवृत्ती आली की काही कॉलेजं स्वतःची मदत तेवढीच कमी करतात. म्हणजे आमच्या देणगीदारांचे पैसे मुलीऐवजी कॉलेजच्या तिजोरीत. पेल किंवा ड्रीम ॲक्टच्या मदतीस पात्र मुलींच्या बाबतीत कॅलिफोर्नियाने २०२३-२४ पासून हे रोखलं आहे: मिळालेली अनुदानं शिक्षणाच्या पूर्ण खर्चापलीकडे जात नाहीत तोवर कॉलेजने आपलं अनुदान कापायचं नाही. राज्याबाहेर जाणाऱ्या मुलीसाठी आम्ही पत्रातच विनंती करतो की कपात करायचीच तर आधी कर्जात आणि कॅम्पसवरच्या नोकरीच्या रकमेत करा. चेक कॉलेजच्या नावाने, त्यावर मुलीचा विद्यार्थी क्रमांक. क्रमांकाशिवायचा चेक आठवडेच्या आठवडे पडून राहतो. फी, आवश्यक पुस्तकं यांवर खर्च झालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, भाडं आणि जेवण यांवरची नाही, हे मुलीला लेखी देतो.

जून ते ऑगस्ट मेंटॉरने सुट्टी घ्यायची नाही. प्रवेश मिळालेल्या मुली याच काळात गळतात, कारण शाळेचा समुपदेशक सुट्टीवर आणि कॉलेजचा अजून ओळखीचा नाही. अंतिम गुणपत्रक, लसीकरणाची नोंद, वसतिगृहाची अनामत, मदत कार्यालयाने मागितलेले जादा कागद, प्रत्येकाला वेगळी तारीख. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात आरोग्य विमा आपोआप बिलात येतो. मेडि-कॅल हा कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचा राज्याचा विमा असलेल्या मुलीने मुदतीत सूट मागितली नाही तर काही हजार डॉलर वाढतात, आणि ते बिल पाहून घरचे म्हणतात, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. दर रविवारी संध्याकाळी मेंटॉर आणि मुलगी मिळून कॉलेजचं पोर्टल उघडतात, लाल खुणा बघतात, एकेक मिटवतात. वीस मिनिटांचं काम आहे.

शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता जानेवारीत, नोंदणीचा पुरावा आल्यावर. आधी अट सत्राला १२ युनिट्सची, म्हणजे पूर्णवेळ अभ्यासाची, होती. वडिलांचं काम सुटलं की मुलगी नोकरीचे तास वाढवते, ९ युनिट्सवर येते, आणि अट मोडल्याच्या लाजेने उत्तर देणंच बंद करते. आता अट ६ युनिट्सची आहे. पुरावा आला नाही तर आम्ही ईमेल पाठवत नाही, मेंटॉर फोन करते.