पाच वर्षे झाली, तरी गोळी का?

स्तनाच्या कॅन्सरनंतर मी टॅमॉक्सिफेन ही इस्ट्रोजेन हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी घेत होते; तिची पाच वर्षे पूर्ण झाली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच भेटीत डॉक्टरांनी गोळी आणखी पाच वर्षे घ्यावी असे सुचवले आणि माझे पाय लटपटले. गाठ काढून झाली होती, काखेतल्या ज्या एका ग्रंथीत रोग पोहोचला होता तीही काढली होती, केमो आणि रेडिएशन दोन्ही झाले होते. मग आता ही गोळी कशासाठी?

त्यांनी जे समजावले ते मला आधी कुणी इतके स्पष्ट सांगितले नव्हते. गाठ हाताला लागण्यापूर्वीच तिच्यातल्या काही पेशी रक्तावाटे किंवा लसिकेवाटे (काखेतल्यासारख्या ग्रंथींतून वाहणाऱ्या द्रवावाटे) बाहेर पडून अस्थिमज्जेसारख्या ठिकाणी जाऊन बसलेल्या असू शकतात. त्या वर्षानुवर्षे वाढत नाहीत, म्हणून स्कॅनमध्ये दिसत नाहीत, आणि केमोचा मारा मुख्यतः वाढणाऱ्या पेशींवर असल्यामुळे त्यातूनही वाचू शकतात. माझ्यासारख्या, इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या कॅन्सरमध्ये अशा पेशी फार उशिराही जाग्या होतात. हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या ज्यावर लागू पडत नाहीत त्या ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात मात्र रोग उलटण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक असतो आणि पाच वर्षांनंतर बराच उतरतो, त्यामुळे ‘पाच वर्षे’ या शब्दांचा अर्थ प्रत्येकीसाठी सारखा नसतो.

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात, माझ्यासारखाच इस्ट्रोजेनवर पोसणारा कॅन्सर झालेल्या, पाच वर्षे हार्मोन उपचार (हार्मोन रोखणारी औषधे) घेऊन तोवर रोगमुक्त राहिलेल्या 62,923 स्त्रियांची माहिती तपासली गेली. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्यांपैकी ज्यांच्या ग्रंथींत रोग नव्हता, त्यांच्यात पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यान दूरच्या अवयवांत कॅन्सर पसरण्याचा धोका 13 टक्के होता. एक ते तीन ग्रंथी बाधित असल्यास तो 20 टक्के, आणि चार ते नऊ असल्यास 34 टक्के. हे आकडे वाचून मी दोन रात्री झोपले नाही. यातल्या अनेकींवर जुन्या काळातले उपचार झाले होते आणि आज धोका त्याहून कमी असण्याची शक्यता आहे, हे मला नंतर कळले.

रोग परत येणे म्हणजे नेहमी एकच गोष्ट नव्हे. त्याच स्तनात किंवा व्रणाजवळ उलटलेला कॅन्सर पुन्हा बरा करण्याच्या उद्देशाने उपचार करता येतो. हाडे, फुप्फुसे, यकृत किंवा मेंदूत पसरलेला कॅन्सर सहसा पूर्ण बरा होत नाही, पण अनेकींमध्ये तो उपचारांनी वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. आणि हाडात गेला तरी तो स्तनाचाच कॅन्सर असतो, म्हणून उपचारही त्याच्याच रिसेप्टरनुसार (पेशींवरच्या, हार्मोनसारखे संदेश पकडणाऱ्या घटकांनुसार) ठरतात. हे रिसेप्टर बदललेले असू शकतात, त्यामुळे शक्य असेल तिथे नव्या जागेची बायोप्सी करतात.

दर वर्षी पूर्ण शरीराचा स्कॅन करावा, असे मला फार वाटत असे. लक्षणे नसताना असे स्कॅन केल्याने आयुष्य वाढते असे दिसून आलेले नाही, हे पटायला मला वेळ लागला. वर्षातून एकदा मॅमोग्राफी, नियमित तपासणी, आणि न थांबणारे हाडांचे दुखणे, खोकला किंवा धाप लागणे यांची वेळीच दखल, एवढे मी पाळते. गोळीमुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो, म्हणून रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव दिसला तर लगेच कळवायचे, हेही ठरलेले आहे.

सध्या सातवे वर्ष चालू आहे. रात्री अंगातून वाफा निघतात, सांधे आखडतात, आणि तरीही रोज झोपण्यापूर्वी मी गोळी घेते.