नोकरदार विद्यार्थ्यांचे स्वाध्याय

गुरुवार, रात्री

आज सायंकाळच्या वर्गाचे स्वाध्याय तपासायला घेतले. ‘कामाच्या ठिकाणी अनुभवलेला नैतिक पेच’ हा विभागाने ठरवून दिलेला विषय आहे. वर्गातील बरेच जण कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींमधून, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांतून, सुटून थेट येतात, काही पतसंस्थांत आहेत, तर एखादा गुजरी या सोन्या-चांदीच्या पेठेत सराफाकडे. त्यामुळे पुस्तकी उत्तरे फारशी नाहीतच.

एकाने लिहिले आहे, की त्याच्या कारखान्यातील हजेरीपटावर आठच तास लागतात, त्यापुढचे तास सुपरवायझरच्या खिशातील वहीत जातात आणि त्यांचे पैसे साध्या दराने रोख मिळतात. जादा कामाला दुप्पट दराने मजुरी, हे १९४८ च्या कारखाना अधिनियमापासून ठरलेले आहे. पुरावा म्हणून त्याने वहीच्या पानाचा फोटोही चिकटवला असून त्यात इतर कामगारांची नावे स्पष्ट वाचता येतात.

त्याच कारखान्यातील एक पर्यवेक्षक याच वर्गात मागच्या बाकावर बसतो. जिला आम्ही कौतुकाने ‘वर्गचर्चा’ म्हणतो, तिच्यामुळे फोटो चिकटवणाऱ्या या मुलाच्या पोटावर पाय येऊ शकतो. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा २०१४ चा कायदा लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे. खासगी फाउंड्रीतील कामगाराला त्याचा आडोसा नाही. नेमणूकपत्रातील गोपनीयतेची अट बेकायदा व्यवहार झाकण्यासाठी वापरता येऊ नये, असे माझे मत आहे. पण ते कोर्टात सिद्ध करण्याचा भुर्दंड त्याला पडेल, मला नव्हे. म्हणून तक्रार करायची की नाही, हे त्यानेच ठरवावे. अशी तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते, एवढे मी त्याला एकट्याला सांगेन. भट्टीपाशी कोणाच्या जिवाला धोका असल्याचे त्याने लिहिले असते, तर मात्र मला गप्प बसता आले नसते.

पतसंस्थेतील एकाने परवा “सर, कर्ज लागलं तर सांगा,” असे म्हटले. त्यात कोल्हापुरी अगत्यच अधिक होते, पण त्याचे गुण माझ्या हातात असेपर्यंत त्या पतसंस्थेची पायरी चढणे नाही.

फोटोचे पान त्या मुलाला परत देऊन बाकीच्या विवेचनावर गुण देणार आहे, आणि यापुढे मालक, ग्राहक व सहकारी यांची नावे बदलूनच लिहावे, अशी सूचना प्रश्नातच घालण्याविषयी विभागप्रमुखांशी बोलणार आहे. मागच्या बाकावरील पर्यवेक्षकाने कामगारांच्या उशिरा येण्यावर लिहिले आहे. पहिला स्वाध्याय वाचल्यावर याचे गुण निर्मळ मनाने देणे मला जमणार नाही, तेव्हा तो उद्या सहकाऱ्याकडे तपासायला देईन.