जंगल जेटीवर रिव्हर्स: पुणे, हरिहरेश्वर, मुरूड, गुहागर आणि परत

नवरा गेला त्याला आता दीड वर्ष झालं. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून तशीच होती, मी लायसन्स असूनही कधी चालवली नव्हती कारण तो चालवायचा. जूनमध्ये बॅटरी पूर्ण उतरली तेव्हा गाडी विकायचंच चाललं होतं, तर सासूबाई म्हणाल्या, "विकायची तर वीक, पण एकदा मला केळशीला ने." केळशी त्यांचं माहेर. मग पुन्हा ड्रायव्हिंग क्लास लावला, रोज पहाटे रस्त्यावर, अडीच महिने. आणि कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो, मी 49 आणि त्या 76.

पहिला दिवस ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर, साधारण 170 किमी. पेट्रोल पौडलाच फुल करून घ्या आणि मॅप आधीच डाऊनलोड करून ठेवा कारण पुढे घाटात रेंज जाते. पावसाळ्यातली गर्दी आता नसते, धबधबे बारीक झालेले असतात, पण मला विचाराल तर ताम्हिणी ऑक्टोबरमध्येच बघावा, खाचरं पिवळी झालेली, कुठे कापणी चाललेली, कुठे भारे बांधून ठेवलेले, आणि काच खाली केली की कापलेल्या भाताचा वास थेट गाडीत येतो. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकू नका, दुसऱ्या गिअरवर ठेवा, नुसत्या ब्रेकवर राहिलात तर ब्रेक तापतात. आणि घाट चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हे दोन नियम मी पूर्ण घाटभर मनात म्हणत होते, हात घामाने ओले, मागे एक एसटी हॉर्न मारत होती, शेवटी जागा बघून बाजूला घेतली आणि तिला जाऊ दिलं. मागच्याच्या हॉर्नमुळे स्पीड वाढवायचा नाही एवढं त्या दिवशी ठरवून टाकलं.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा वाट खडकांतून अगदी समुद्राला लागून जाते, ती फक्त ओहोटीलाच करायची, तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. त्यात पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. आईंना मोबाईल बघावा लागला नाही, त्यांचा हिशोब असा, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. "उद्या द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडच्या सुमाराला भरती, ओहोटी सकाळी साडेसातला." सकाळी सातला खाली उतरलो, आठच्या आत वर. हिशोब अंदाजाचाच असतो, तरी गावात विचारूनच जा.

तिथून बागमांडला जवळच आहे, आणि बागमांडला ते वेश्वी खाडी ओलांडायला फेरीबोट, लोक जंगल जेटी म्हणतात. मला सगळ्यात जास्त भीती याचीच होती. आमची पाळी आली तर खलाशी म्हणाला, मॅडम, रिव्हर्समध्ये चढवा. खाली लोखंडी रॅम्प, दोन्ही बाजूंना पाणी, मागे बोटीवर आधीच लागलेल्या दोन गाड्या. बाजूचा एक माणूस चांगल्या मनाने म्हणाला, द्या चावी, मी लावून देतो. मी चावी काढलीसुद्धा होती. आई पुढच्या सीटवर बसून होत्या, त्या मला काही म्हणाल्या नाहीत, त्या माणसाला म्हणाल्या, "ती लावते, जरा वेळ लागेल, थांबा तुम्ही." मग हँडब्रेक, क्लच, अगदी इंच इंच, खलाशाच्या हाताकडे बघत, दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा चढली. पाणी ओलांडायला काही मिनिटंच लागली पण मी तेवढ्यात रडून घेतलं आणि आईंनीही. दोघींना एकच माणूस आठवत होता.

जेटीसाठी टिप्स: सुट्टे पैसे कॅशमध्ये ठेवा, शनिवार-रविवार टाळा, आरशात बघण्यापेक्षा खलाशाच्या हाताकडे बघा, त्याला रोजची सवय आहे. सोबत वयस्कर कोणी असेल तर गाडी चढायच्या आधी त्यांना उतरवलं तरी चालतं, आमच्या आई उतरल्या नाहीत.

केळशीबद्दल मी जास्त लिहीत नाही, ते आईंचं आहे. पुढे आंजर्ले, कड्यावरचा गणपती, आणि चारनंतर हर्णै बंदरावर माशांचा लिलाव, तो चुकवू नका.

मुक्काम मुरूडला केला, दापोलीजवळचं मुरूड, जंजिऱ्याचं नाही (बुकिंग करताना हे बघा, लोक चुकतात). हे महर्षी कर्वे यांचं गाव. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं, त्या लहानपणीच विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या, आणि याच गावाने दोघांना वाळीत टाकलं होतं. शाळेत हे दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. त्या संध्याकाळी गावातून चालताना पहिल्यांदा डोक्यात आलं की गोदूबाई लग्नानंतर या गल्ल्यांतून चालल्या असतील तेव्हा त्यांना कसं वाटलं असेल, कोणी दार लावून घेतलं असेल का. आई म्हणाल्या, "माझ्या आत्याला कुंकू पुसल्यावर माजघराबाहेर येऊ देत नव्हते. आणि तू मला गाडीतून आणलंस." मग थोडा वेळ आम्ही बोललो नाही.

दाभोळ ते धोपावे दुसरी जेटी. इथेही रिव्हर्स. एकदाही बंद पडली नाही. गुहागरला एक रात्र राहिलो, लांबच लांब किनारा, सुरूची झाडं, आणि दुपारी मात्र ऑक्टोबर हीट सहन होत नाही, अकरा ते चार घरातच थांबा. परतीचा पाऊस संध्याकाळी अचानक येतो, वायपरचे रबर निघायच्या आधी बदलून घ्या, आमचे कडक झालेले होते आणि कुंभार्ली घाटात पंधरा मिनिटं बाजूला उभं राहावं लागलं.

परतीचा रस्ता चिपळूण, कुंभार्ली, कोयनानगर, कराड आणि मग हायवे. कराडपर्यंत रस्ता वळणांचा आहे, वेळ धरून निघा, अंधार पडायच्या आत घाट संपला पाहिजे. आई कोयनेनंतर झोपल्या. साताऱ्याच्या पुढे जाग आल्यावर विचारलं, "गाडीला गिऱ्हाईक आलं होतं ना?" म्हटलं, त्याला उद्या फोन करून नाही सांगते.